नर्मदेवरची रात्र आणि एक शेगडी

नदीवर रात्र काढायची म्हटली, की आपल्यासारख्या शहरी माणसाला पहिले भय वाटते ते पाण्याचे. गेल्या जानेवारीत आम्हालाही तेच वाटले होते. होडी कलली तर काय, आपल्याला पोहता येत नाही, नातीला काठाशी जाऊ द्यायचे नाही, असे नाना विचार मनात येत होते. प्रत्येकाच्या अंगात तरंगण्याचे जाकीट आहे ना, हे मी दोनदा मोजून पाहिले. आणि त्याच रात्री आम्ही चौघे मरता मरता वाचलो! पाण्याने आमच्या केसालाही धक्का लावला नाही. जिवावर बेतले ते हवेमुळे. आणि ती हवा आम्ही आमच्याच हाताने विषारी केली होती. दिवाळीच्या दिवसांत असली हकिगत सांगावी की नाही, असा विचार मनात आला. परंतु दिवाळीमागून थंडी येते, आणि थंडीत आपण सारेच दारे-खिडक्या लावून घेतो. म्हणून सांगतोच.

माझा भाचा नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षक आहे. "मामा, तुम्ही नर्मदा पाहिलीत ती ओंकारेश्वरच्या घाटावरून. आपल्या महाराष्ट्राची नर्मदा कधी पाहणार?" असे तो दरवर्षी म्हणे. त्याचे म्हणणे खरेच होते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पुण्या-मुंबईच्या माणसाला नकाशावरही चटकन सापडत नाही. त्याच्या उत्तर सीमेवर सातपुड्याच्या कुशीतून नर्मदा वाहते. वाहते म्हणणेही आता तितकेसे बरोबर नाही. २०१७ साली सरदार सरोवर धरण पूर्ण झाले, २०१९ च्या पावसाळ्यात ते प्रथमच काठोकाठ भरले, आणि अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांच्या हद्दीत नदीचा एक लांबलचक डोंगरी तलाव झाला. जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. कित्येक पाड्यांना आता होडीवाचून जाता येत नाही. करोनाच्या काळात, २०२० साली, रेलू वसावे या अंगणवाडी सेविका कुपोषित बालकांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी स्वतः होडी वल्हवीत पाड्यांवर जात असत, हे वाचकांना आठवत असेल. तिथल्या तरंगत्या दवाखान्याचीही माहिती वर्तमानपत्रांतून आलेली आहे.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. मी, आमची सौभाग्यवती आणि नऊ वर्षांची नात. भाच्याने एका ओळखीच्या नावाड्याची लोखंडी बार्ज ठरवली होती. मागे डिझेलचे इंजिन, पुढे सामान ठेवायची मोकळी जागा आणि मध्ये पाइपांच्या सांगाड्यावर ताडपत्री ताणून केलेली एक खोली. दिवसभर आम्ही पाण्यावर हिंडलो. पाण्यातून वर डोकावणारे वाळलेल्या झाडांचे शेंडे, बेट होऊन राहिलेल्या टेकड्या, उंच चढणीवर दिसणारी एखादी कौलारू झोपडी. नातीला तर किती पाहू आणि किती नको असे झाले होते.

परतताना सूर्य मावळतीला आला आणि इंजिन बंद पडले. नावाड्याने बराच वेळ खटपट केली. पण एक सुटा भाग तुटला होता. अंधारात या पाण्यावर कोणी जाणता माणूस बोट हाकत नाही. बुडालेली झाडे दिसत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या सणात, धडगाव तालुक्यात भूषा येथे नर्मदेत बोट उलटून माणसे बुडाली होती, ते सर्वांच्या स्मरणात होते. नावाड्याने वल्ह्यांनी बार्ज काठाशी नेऊन एका खोडाला बांधली. काठावर गुडघाभर चिखल आणि त्यापुढे उभी चढण. "रात्र इथंच काढू. सकाळी दुसरी बोट येईल," तो म्हणाला. तो आणि त्याचा पोरगेला मदतनीस बाहेर इंजिनाजवळ घोंगड्या पांघरून निजणार होते. आम्ही ताडपत्रीच्या खोलीत.

### "धूर तर मुळीच नाही!"

सातपुड्यातली थंडी ही पुण्यातल्या थंडीसारखी नव्हे. अक्कलकुवा तालुक्यात डाब, वालंबा या भागांत काही वर्षी दवबिंदूदेखील गोठतात. त्यात पाण्यावरचा वारा! आठ वाजेपर्यंत नातीचे दात वाजू लागले. चहासाठी आणि भाकऱ्या शेकण्यासाठी बरोबर एक लोखंडी शेगडी घेतली होती. जेवणे झाली तेव्हा तिच्यात लालबुंद निखारे उरले होते. आमच्या मंडळींनी ती शेगडी उचलून आत आणली.

नावाडी बाहेरून म्हणाला, "बाई, विस्तव बाहेर राहू द्या."

त्याला आगीची भीती वाटते आहे, असे आम्ही समजलो. मंडळींनी शेगडीखाली पत्र्याचे ताट ठेवले, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, काळजी करू नका. आमच्या बाळंतपणात महिनाभर बाजेखाली शेगडी असायची. आम्हाला काय झाले?" पाहुण्यांशी वाद कसा घालावा, म्हणून तो बिचारा गप्प राहिला. मीही माझ्या शहाणपणाची भर घातली. "धूर तर मुळीच नाही," मी म्हणालो आणि वारा येत होता त्या फटीत माझी शाल कोंबली. पाचच मिनिटांत खोली अशी ऊबदार झाली म्हणता! नात तत्काळ झोपली. साडेनऊच्या सुमारास आम्हीही कलंडलो.

मध्यरात्रीच्या सुमारास मला जाग आली ती डोके दुखण्याने. कपाळावर कोणी घण घालीत आहे असे वाटत होते. संध्याकाळचे वांग्याचे भरीत तेलकट होते, पित्त झाले असावे, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात नात कण्हली, "आजोबा, मळमळतंय." मी म्हणालो, "होडी लागली असेल, बाळ. नीज, सकाळी बरं वाटेल."

होडी लागली! बार्ज चार तास खोडाला बांधलेली होती, पाणी आरशासारखे स्थिर होते, आणि होडी कशी लागेल? एरवी हे मला क्षणात सुचले असते. त्या वेळी सुचले नाही. नातीला पुन्हा निजवणारे ते माझे वाक्य आजही मला मधूनच आठवते आणि अंगावर काटा येतो.

ती निजली नाही हे आमचे भाग्य. तिला जोरात उलटी झाली. मी उठू लागलो तर पायांत बळच नव्हते. गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत, असे झाले. शेजारी भाचा आणि मंडळी गाढ झोपेत. मी हाक मारतो आहे असे मला वाटत होते, पण आवाज उमटत होता की नाही कोण जाणे. उलटीचा आवाज ऐकून नावाडी उठला. त्याने बाहेरून साद घातली. उत्तर येईना, तेव्हा त्याने ताडपत्रीची दोरी सुरीने कापली, पडदा फाडून वर केला आणि एकेकाला बखोटीला धरून बाहेर ओढले. नातीला त्याने पहिल्यांदा काढले. शेवटी शेगडी उचलून नदीत फेकली.

उघड्यावर अर्ध्या तासात आम्ही माणसांत आलो. मंडळींना मात्र शुद्धीवर यायला वेळ लागला. भाच्याच्या पिशवीत करोनाच्या दिवसांपासून बाळगलेला ऑक्सिमीटर होता. तो प्रत्येकाच्या बोटाला लावला. ९८, ९७, ९८! आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. सकाळी दुसऱ्या बोटीने काठावर आणि तिथून जीपने दवाखान्यात गेलो, तेव्हा डॉक्टरांनी तो आकडा ऐकून मान हलवली. "आजोबा, या विषात हे यंत्र चक्क खोटे बोलते," ते म्हणाले, आणि चौघांच्या नाकातोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढवले.

### रक्तातली फसवणूक

त्या विषाचे नाव कार्बन मोनॉक्साइड. कोळसा, लाकूड, पेट्रोल, डिझेल, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस, काहीही जळताना त्याला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो नाकाडोळ्यांना झोंबत नाही. आपल्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, त्यामुळे गळती झाली तर नाकाला कळते. इथे तशी सोयच नाही. आणि माझी मोठी चूक ही, की धूर नाही म्हणजे धोका नाही, असे मी मानले. वास्तविक धूर संपून कोळसा नुसता फुलला, म्हणजे डोळ्यांना त्रास होत नाही आणि माणूस शेगडी निर्धास्तपणे घरात घेतो. हा वायू मात्र त्या लाल निखाऱ्यांतून निघतच असतो.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि शरीरभर पोचवते. परंतु प्राणवायूपेक्षा या वायूला ते सुमारे २०० ते २५० पट अधिक घट्ट धरते. जणू गाडीतल्या साऱ्या जागा एका फुकट्याने अडवाव्यात आणि तिकीट काढलेला उतारू फलाटावरच राहावा! हवेत प्राणवायू भरपूर असतो. पण तो मेंदूपर्यंत पोचत नाही. १८५७ च्या सुमारास क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने या विषाची ही रीत दाखवून दिली. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ साली स्वतःच हा वायू हुंगून आपल्या शरीरावरचे परिणाम टिपून ठेवले. खाणीत उतरताना पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी बरोबर नेण्याची पद्धत त्याच्याच सूचनेवरून पडली. माणसाच्या आधी तो चिमुकला पक्षी गळाठतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ साली निवृत्त झाले.

ऑक्सिमीटर का फसतो, तेही डॉक्टरांनी सांगितले. ते यंत्र रक्ताचा लालपणा पाहून अंदाज बांधते, आणि हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला लालच दिसते. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते. करोनानंतर पुष्कळ घरांत हे यंत्र आले आहे. म्हणून ही गोष्ट घरोघरी माहीत असावी.

या विषाची सर्वांत वाईट खोड अशी, की जो मेंदू धोका ओळखायचा, त्यालाच ते आधी मंद करते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पाय गळणे, गुंगी, हा क्रम. माणूस म्हणतो पित्त झाले, जागरण झाले, होडी लागली. निजलेला माणूस तर डोकेदुखीच्या पायरीवर थांबतही नाही. झोपेतूनच बेशुद्धीत जातो.

### नौकेवरच का?

तुम्ही म्हणाल, पाण्यावर तर चारी बाजूंनी वारा. तिथे हवा कोंडेल कशी? पण पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेल्या खोलीत हवाही येत नाही. जागा लहान, छप्पर बुटके, आणि तेवढ्याच जागेत चूल, इंजिन आणि अंथरूण. थंडीत माणूस उरलेल्या फटीही बुजवतो.

१५ जानेवारी २०१४ रोजी इंग्लंडातल्या व्हिटबी बंदरात 'एशकोल' नावाच्या मासेमारी नौकेवर दोन कोळी मृतावस्थेत सापडले. रात्री बंदरात येऊन ते निजले होते, आणि ऊब यावी म्हणून त्यांनी गॅसच्या शेगडीची जाळी पेटती ठेवली होती. त्याआधी, १ एप्रिल २०१३ रोजी, तिथल्याच विंडरमियर सरोवरात धक्क्याला बांधलेल्या 'आर्निस्टन' या सहलीच्या नौकेवर एक आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी दगावली. विजेसाठी बसवलेल्या जनित्राचा धूर बाहेर नेणारी जोडाजोडीची नळी सुटली होती. पुढे इंग्लंडातल्या अंतर्गत जलमार्गांवरच्या राहत्या नौकांत हा वायू ओळखून घंटी वाजवणारे यंत्र ठेवणे १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले.

अमेरिकेतले लेक पॉवेल हेही आपल्या सरदार सरोवरासारखेच धरणामागे साठलेले डोंगरी पाणी. तिथे ऑगस्ट २००० मध्ये ८ आणि ११ वर्षांचे दोन भाऊ घरनौकेच्या मागच्या फळीखाली पोहत असताना मृत्यू पावले. जनित्राचा धूर त्या फळीखालीच सोडलेला होता. म्हणजे उघड्यावरही कोंडलेला कोपरा असू शकतो. शिवाय नौका चालत असली, की तिच्यामागे हवेची पोकळी होते आणि मागे सोडलेला धूर उलटा फिरून मागच्या पडद्यातून आत शिरतो. शेजारी बांधलेल्या दुसऱ्या नौकेचे इंजिन चालू असेल, तरी तेच. डिझेलपेक्षा पेट्रोलच्या इंजिनातून हा वायू कितीतरी अधिक निघतो, हेही ध्यानात ठेवावे.

### मग करावे काय?

आपली मंडळी हौसेने केरळात जाऊन घरनौकेत राहतात, काश्मिरात शिकाऱ्यातून हिंडून तरंगत्या घरात मुक्काम करतात. त्यांनी जाऊ नये असे मी मुळीच म्हणणार नाही. मी स्वतः पुन्हा नर्मदेवर जाणार आहे. मात्र काही गोष्टी निजण्याआधी झाल्या पाहिजेत. निजल्यावर त्या सुचत नाहीत.

पहिली गोष्ट, निजायच्या जागेत विस्तव नको. शेगडी, बंब, गॅसचा हीटर, काहीही असो, झोपण्यापूर्वी बाहेर. थंडी वाजली तर पांघरुणे वाढवावीत, गरम पाण्याची पिशवी घ्यावी. दुसरी, हवेला दोन वाटा हव्यात, एक येण्याची आणि एक जाण्याची; फटीत शाल कोंबू नये. तिसरी, खोली घेताना जनित्र कुठे आहे, त्याचा धूर कुठे सोडला आहे आणि ते रात्रभर चालते का, हे निःसंकोच विचारावे. मुलांना चालत्या इंजिनामागे पाण्यात उतरू देऊ नये. चौथी, घंटीचे यंत्र आता बाजारात मिळते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग असले तर ते तास-दीड तासात वाजते; ३०० भाग झाले तर तीन मिनिटांच्या आत. ते निजण्याच्या जागेजवळ असावे आणि बोट दाबून तपासलेले असावे.

खोलीत पाण्याचे भांडे ठेवले की विष शोषले जाते, असा एक समज आहे. तो खोटा आहे. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आमच्या शेगडीजवळही बादली होतीच की! खाली जमिनीवर निजल्यानेही सुटका नाही. तो हवेच्याच वजनाचा असल्याने सगळीकडे सारखा मिसळतो.

आणि एका जागी असलेल्या दोघाचौघांना एकदम डोके दुखू लागले, मळमळले, ताप मात्र नाही, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर दुसरा संशय घेऊच नये. आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, चर्चा नंतर. जो बेशुद्ध आहे त्याला श्वास रोखून झटकन बाहेर ओढावे. मग बरे वाटले तरी दवाखाना चुकवू नये. साध्या हवेत या विषाचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात. मुखवट्यातून प्राणवायू दिला तर सुमारे सव्वा ते दीड तासात ते निम्म्यावर येते. कित्येकदा विस्मरणासारखे परिणाम काही दिवसांनी, आठवड्यांनी दिसतात. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर पोटातल्या बाळाला आईपेक्षाही अधिक धोका असतो.

दुपारी डॉक्टरांनी आम्हाला सोडले. नात मजेत होती आणि ताडपत्री फाडण्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होती. नावाडी बाहेर बसून राहिला होता. मंडळींनी त्याला विचारले, "दादा, पण बाजेखालच्या शेगडीने आम्हाला कधीच काही कसे झाले नाही?"

तो म्हणाला, "बाई, आमचं घर कुडाचं. आमच्या बाळंतिणीजवळही विस्तव असतो. पण कुडातून वारा येतो, कौलातून जातो. तुम्ही तर ताडपत्रीची पेटी करून वरून शाल लावली."

जुन्या वाड्यांतल्या फटी, कौले, झरोके आमचे प्राण राखत होते. आम्ही श्रेय शेगडीला देत होतो. आज आपण राहतो ते फ्लॅट त्या ताडपत्रीच्या खोलीसारखेच बंदिस्त आहेत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दमन येथे सहलीला गेलेली केरळची आठ माणसे, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून निजली आणि उठली नाहीत. तिथे नौका नव्हती. बंद दार तेवढे होते.

म्हणून जाता जाता एकच सांगणे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात एकामागून एक अभ्यंगस्नाने होतील. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तो बाहेर बसवून घ्या. तोवर बादली भरून, गीझर बंद करून, मगच दार लावा आणि खिडकी उघडी ठेवा. थोडा गारवा लागेल. लागू द्या. आमच्या नातीने तर घरी नियमच केला आहे. निजण्यापूर्वी ती खिडकीची फट बोटाने मोजते आणि मला विचारते, "आजोबा, शाल कुठे आहे?" मी शाल अंगावर असल्याचे दाखवतो, तेव्हाच ती दिवा मालवते.